दानाचा स्वीकार आणि शरीराची स्मृती

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



एखादी संस्था पन्नास वर्षे अखंड चालविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्याबद्दल आजी-माजी विश्वस्तांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. विश्वस्त मंडळाने मला ‘अवयवदान’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. परंतु आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान यांचे संस्कार बालपणापासून लाभलेल्या समाजाला दानाचे महत्त्व मी काय सांगावे? म्हणून विश्वस्तांची अनुमती घेऊन मी विषय थोडा पुढे नेला आहे. दाता तयार झाला, कागदपत्रे झाली, शस्त्रक्रिया निर्विघ्नपणे पार पडली; त्यानंतर ज्याला अवयव मिळाला त्याचे शरीर तो अवयव ठेवून घेते की त्याचा अव्हेर करते, आणि हे कशावरून ठरते, याविषयी आज बोलावयाचे आहे. मी रक्तपेढीत आणि प्रयोगशाळेत काम करणारा माणूस आहे. शस्त्रक्रिया मी करीत नाही. तथापि शस्त्रक्रियेपूर्वीच्या ज्या एका तपासणीवर सारे अवलंबून असते, तिचा अर्थ रुग्णाच्या घरच्यांना समजावून सांगण्याचा प्रसंग माझ्यावर वारंवार येतो, आणि तो प्रसंग नेहमीच सुखाचा असतो असे नाही.

आपल्या शरीराला स्वकीय आणि परकीय यांतील भेद उपजतच कळतो. जंतू शरीरात शिरले की त्यांना ओळखून त्यांच्यावर चिकटणारी विशिष्ट प्रथिने रक्तात तयार होतात. त्यांना आपण प्रतिपिंडे म्हणतो, इंग्रजीतील अँटिबॉडीज. देवी, गोवर, धनुर्वात यांच्या लशींमागे हेच तत्त्व आहे. एकदा झालेली ओळख शरीर विसरत नाही. आता अडचण अशी की, सख्ख्या भावाने प्रेमाने दिलेले मूत्रपिंड आणि घातक जंतू यांच्यामागील हेतूंतला फरक शरीराला कळण्याचा मार्ग नाही. त्याच्या लेखी दोन्ही परकीय.

या भेदाची पहिली ओळख जगाला रक्तगटांमुळे झाली. व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली ए, बी आणि ओ हे गट दाखवून दिले. ए गटाच्या माणसाच्या रक्तात बी विरुद्धची प्रतिपिंडे असतात, बी गटाच्या माणसात ए विरुद्धची, आणि ओ गटाच्या माणसात दोन्ही. येथे एक अभिमानाची गोष्ट सांगतो. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना मुंबईत असे रक्त आढळले की जे तपासणीत ओ वाटे, परंतु ओ गटाचे रक्तही त्याला चालत नसे. इंग्लंडमधील तज्ज्ञांच्या सहकार्याने त्यांनी हे संशोधन १९५२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि तो गट आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने ओळखला जातो. ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा पदार्थच या लोकांच्या तांबड्या पेशींवर नसतो. म्हणून त्यांच्या रक्तात एच विरुद्धही प्रतिपिंडे असतात. भारतात साधारणतः दहा हजारांत एक असे हे प्रमाण सांगितले जाते. तपासणी घाईने, केवळ पेशींवर उरकली तर असा रुग्ण ओ म्हणून नोंदला जातो. पेशींबरोबर सीरमही तपासावे लागते. रक्तपेढीतील माणसे किचकट का असतात असे आपणास वाटत असेल, तर त्याचे एक कारण हे आहे.

रक्तगटाची प्रतिपिंडे जन्मानंतर काही महिन्यांत आपोआप तयार होतात. त्यासाठी दुसऱ्याचे रक्त शरीरात जाण्याची आवश्यकता नसते. आज मला ज्यांच्याविषयी अधिक बोलावयाचे आहे ती प्रतिपिंडे वेगळी आहेत. ती कमावलेली असतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगो येथे गंभीररीत्या भाजलेल्या एका तरुणीवर तिच्या भावाची त्वचा बसविण्यात आली. थॉमस गिब्सन आणि पीटर मेडावर हे त्यावेळी निरीक्षण करीत होते. भावाची त्वचा काही दिवस टिकली आणि मग नष्ट झाली. त्याच भावाची त्वचा दुसऱ्यांदा बसविली, तर ती पहिल्यापेक्षा लवकर नष्ट झाली. शस्त्रक्रियेत काही उणे राहिले असते तर दोन्ही वेळा सारखेच घडले असते. दुसऱ्या वेळी वेग वाढला याचा अर्थ त्या तरुणीच्या शरीराने पहिली भेट लक्षात ठेवली होती. हा निष्कर्ष १९४३ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे १९६० साली मेडावर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बोस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले ते एकरूप जुळ्या भावांमध्ये, म्हणजे जेथे शरीराला परकेपणा जाणवण्याचा प्रश्नच नव्हता अशा ठिकाणी. आपल्या देशात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली पहिला प्रयत्न झाला आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ साली जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले.

हा परकेपणा शरीर नेमका कशावरून ओळखते? आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर एक प्रकारची निशाणी असते. तिला एचएलए म्हणतात. सहाव्या गुणसूत्रावरील जनुके ती ठरवितात. अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. त्यामुळे आईवडील आणि अपत्य यांचे निम्मे नेहमीच जुळते. भावंडांत मात्र नशिबाचा भाग आहे: चारांत एक शक्यता पूर्ण जुळण्याची, दोन शक्यता निम्मे जुळण्याच्या, आणि एक शक्यता अजिबात न जुळण्याची. पती-पत्नीचे जुळणे हा केवळ योगायोग. ‘दाता आपल्याच समाजातला आहे, म्हणजे जुळणारच’ असे मला पुष्कळ जण विश्वासाने सांगतात. तसे काही नसते. या निशाण्यांचे प्रकार इतके आहेत की एकाच गावात, एकाच समाजात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या दोन कुटुंबांतही त्या सर्वस्वी भिन्न असू शकतात.

निशाणी जुळली नाही म्हणून प्रत्यारोपण अशक्य ठरत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. रोगप्रतिकारशक्ती आवरून धरणारी प्रभावी औषधे उपलब्ध झाल्यापासून न जुळणाऱ्या पती-पत्नींमध्येही हजारो प्रत्यारोपणे यशस्वी झाली आहेत. खरा धोका आहे तो रुग्णाच्या रक्तात दात्याच्या निशाणीविरुद्ध प्रतिपिंडे आधीच तयार असण्यात. अशी प्रतिपिंडे निर्माण होण्याचे मार्ग प्रामुख्याने तीन: पूर्वी झालेले प्रत्यारोपण, पूर्वी घेतलेले रक्त आणि गर्भधारणा.

गर्भधारणेचा उल्लेख ऐकून काही भगिनींनी चमकून पाहिले, ते माझ्या लक्षात आले. गर्भातील बालकाची निम्मी निशाणी वडिलांची असते, म्हणजे मातेच्या दृष्टीने परकी. नऊ महिने ती हा परकेपणा सांभाळते, हा निसर्गाचा मोठाच चमत्कार आहे. त्याचे पूर्ण रहस्य अजून उलगडलेले नाही. तथापि गर्भारपणात आणि विशेषतः प्रसूतीच्या वेळी बालकाच्या काही पेशी मातेच्या रक्तात मिसळतात, आणि त्या निशाणीविरुद्ध कित्येक मातांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. गर्भपात झाला असेल तरी हे घडू शकते. १९५८ साली अमेरिकेत रोझ पेन आणि हॉलंडमध्ये यान व्हान रूड यांना अशी प्रतिपिंडे आढळली ती मातांच्याच रक्तात. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जाँ दोसे यांनी, वारंवार रक्त दिलेल्या रुग्णांच्या सीरमवरून एचएलएची पहिली निशाणी ओळखली. मातेला या प्रतिपिंडांचा एरवी काहीही उपद्रव होत नाही. ती आयुष्यभर निरोगी राहू शकते आणि त्यांचा पत्ताही कोणाला लागत नाही. पत्ता लागतो तो तिला अवयवाची गरज पडली तर.

लॉस एंजेलिस येथील पॉल तेरासाकी यांनी १९६४ साली ही प्रतिपिंडे तपासण्याची सोपी रीत तयार केली. तेरासाकी हे जपानी वंशाचे अमेरिकन. महायुद्धात त्यांचे कुटुंब छावणीत डांबले गेले होते. त्यांच्या तपासणीलाच आपण आज क्रॉसमॅच म्हणतो. दात्याच्या पांढऱ्या पेशी घ्यावयाच्या, त्यांत रुग्णाचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारे पिवळसर पाणी, मिसळावयाचे आणि पाहावयाचे की पेशी जगतात की मरतात. मेल्या तर क्रॉसमॅच पॉझिटिव्ह. पटेल आणि तेरासाकी यांनी १९६९ साली २२५ प्रत्यारोपणांचा हिशेब मांडला. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असूनही ज्या ३० जणांवर प्रत्यारोपण झाले होते, त्यांपैकी २४ जणांचे मूत्रपिंड तत्काळ निकामी झाले होते. निगेटिव्ह असलेल्या १९५ जणांत असे फक्त ८ होते. त्यानंतर ही तपासणी टाळण्याचे धाडस कोणी शहाण्या सर्जनने केले नाही. पूर्वी असे घडे की रक्तवाहिन्या जोडून चिमटे काढताच गुलाबी झालेले मूत्रपिंड काही मिनिटांत शल्यविशारदाच्या डोळ्यांदेखत निळेकाळे पडे आणि ते तेथल्या तेथे काढून टाकावे लागे. दात्याचे दान वाया, रुग्णाची आशा वाया. आज हा तात्काळ अव्हेर फार क्वचित दिसतो, तो या तपासणीमुळेच. अलीकडे सूक्ष्म मण्यांवर एकेक निशाणी बसवून रुग्णाच्या रक्तात नेमकी कोणाविरुद्धची प्रतिपिंडे आहेत आणि किती, हेही मोजता येते.

माझ्या पाहण्यातील एका भगिनीची हकिकत सांगतो. ओळख पटेल असे काही सांगत नाही. वय चाळीसच्या पुढे, तीन अपत्ये, दोन्ही मूत्रपिंडे निकामी, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस. पती स्वतःचे मूत्रपिंड देण्यास मनापासून तयार. रक्तगट एकच. घरात सर्वांना वाटले, प्रश्न मिटला. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली. मग थोरला मुलगा पुढे झाला. आईसाठी मुलाने मूत्रपिंड द्यावे याहून मोठी मातृभक्ती कोणती? परंतु मुलाच्या पेशींवरील निम्मी निशाणी वडिलांचीच, आणि त्या मातेची प्रतिपिंडे तयार झाली होती ती मुलांना जन्म देतानाच. त्याचीही क्रॉसमॅच पॉझिटिव्ह. तो मुलगा मला म्हणाला, “डॉक्टर, माझ्यामुळेच ना हे?” मी त्याला सांगितले की यात कोणाचा दोष नाही. तेवढ्याने त्याचे समाधान झाले असेल असे मला वाटत नाही.

मग मी विचारले, “माहेरी कोण कोण आहे?” खोलीत थोडा वेळ कोणी बोलेना. आपल्याकडची रीत आपण सारे जाणतो. मुलगी एकदा दिली की तिचे सुखदुःख सासरचे. माहेराने साडीचोळी करावी, भाऊबीज घ्यावी, पण आजारपणाचा भार तिच्या भावावर टाकणे कुटुंबाला संकोचाचे वाटते. भावजय काय म्हणेल ही चिंता वेगळीच. परंतु प्रतिपिंडांचे गणित नेमके उलटे आहे. तिच्या शरीराने ओळख धरली आहे ती सासरच्या निशाणीची. माहेरच्या माणसांत तिची स्वतःचीच निशाणी निम्मी किंवा पूर्ण असण्याचा संभव, आणि स्वतःच्या निशाणीविरुद्ध शरीर सहसा प्रतिपिंडे करीत नाही. सख्खी भावंडे जुळतीलच असे नाही, ग्लासगोच्या त्या भावाची त्वचा टिकली नव्हतीच. पण शोध तेथून सुरू करावयास हवा होता. या भगिनीची धाकटी बहीण विदर्भात दिली होती. तिला कोणी विचारलेच नव्हते. विचारल्यावर ती दुसऱ्याच दिवशी आली. तिची क्रॉसमॅच निगेटिव्ह आली आणि यथावकाश प्रत्यारोपण झाले. आठ महिने मात्र डायलिसिसवर गेले होते.

ही एकट्या कुटुंबाची गोष्ट म्हणून मी सांगितली नाही. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेच्या आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात नोंद झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांवर आणि केवळ ६,९४५ स्त्रियांवर झाली. जिवंत दात्यांत मात्र स्त्रियांचीच संख्या अधिक आहे. देण्यात पुढे आणि घेण्यात मागे, अशी आपल्या स्त्रियांची स्थिती. याची मुख्य कारणे सामाजिक व आर्थिक आहेत, हे मी मान्य करतो. परंतु ज्या थोड्या स्त्रियांपर्यंत अवयव पोहोचण्याची वेळ येते, त्यांच्या वाटेत मातृत्वानेच हा आणखी एक अडसर उभा केलेला असतो, याची जाणीव घरातील कर्त्या माणसांना असावी असे मला तीव्रतेने वाटते.

दुसरा मार्ग रक्ताचा. यातही स्त्रियाच अधिक सापडतात. आपल्या भागात पंडुरोग, म्हणजे रक्त कमी असणे, फार. बाळंतपणापूर्वी हिमोग्लोबिन कमी दिसले की घरचेच म्हणतात, “डॉक्टर, एक बाटली चढवून टाका.” रक्त हे टॉनिक नव्हे. प्रत्येक पिशवीबरोबर परक्या निशाणीच्या पांढऱ्या पेशी शरीरात जातात आणि शरीर त्यांची ओळख धरते. वेळ हाताशी असेल तर लोहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शने देऊन हिमोग्लोबिन वाढविता येते. डायलिसिसच्या रुग्णांसाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने आहेत; ती महाग वाटतात म्हणून त्याऐवजी रक्त भरून घेणारे रुग्ण मी पाहतो, तेव्हा हळहळ वाटते. रक्त देणे अटळच असेल तर पांढऱ्या पेशी गाळून काढलेले रक्त मागावे, त्याने धोका कमी होतो. आणि जो उद्या मूत्रपिंड देणार आहे त्या पतीचे किंवा मुलाचे रक्त तर त्या रुग्णाला मुळीच चढवू नये.

येथे माझे बोलणे कोणी विपरीत घेऊ नये. प्रसूतीत अतिरक्तस्राव झाला, अपघात झाला, तर रक्त हेच जीवन आहे. तेथे क्षणाचाही विलंब लावू नये. तसेच रक्तदान करणाऱ्याच्या शरीरात यामुळे कोणतीही प्रतिपिंडे तयार होत नाहीत. महावीर जयंतीच्या शिबिरात आपण रक्त देता, ते देतच राहावे.

प्रतिपिंडे आढळली म्हणजे सर्व दारे बंद झाली असेही नव्हे. रक्तातील प्रतिपिंडे यंत्राने गाळून व औषधांनी कमी करून प्रत्यारोपण करता येते. मात्र ते खर्चिक आहे, जंतुसंसर्गाचा धोका वाढविणारे आहे आणि प्रत्येकास लागू पडत नाही. दुसरा मार्ग अदलाबदलीचा. एका जोडप्यातील दाता दुसऱ्या जोडप्यातील रुग्णाला चालतो आणि दुसऱ्याचा पहिल्याला, असे जुळले तर दोन्ही रुग्णांचे काम होते. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ सालचा. २०११ च्या दुरुस्तीने निकटच्या नातलगांतील अशा अदलाबदलीस स्पष्ट मान्यता दिली, आणि त्याच दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांचाही निकटच्या नातलगांत समावेश केला. अदलाबदलीसाठी जितकी अधिक जोडपी एका यादीत असतील तितके चांगले. आपल्याकडे मात्र कुटुंबे आजार लपवितात. मुलीचे लग्न जमावयाचे आहे म्हणून आईचे डायलिसिस शेजाऱ्यांनाही कळू दिले जात नाही. यादीत नावच नसेल तर जोडी जुळणार कशी?

तिसरा मार्ग मेंदूमृत्यूनंतरच्या अवयवदानाचा. मराठवाड्यात हे प्रत्यक्षात येऊ लागले ते २०१६ सालापासून, आणि आपल्या जिल्ह्यांसाठीची प्रतीक्षायादी छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते. येथेही क्रॉसमॅच चुकत नाही. रात्री दूरध्वनी येतो, नांदेडहून पाच-सहा तासांचा प्रवास करून रुग्ण पोहोचतो, रक्त तपासले जाते आणि पहाटे कळते की पॉझिटिव्ह, परत जा. ज्याच्या रक्तात अनेक निशाण्यांविरुद्ध प्रतिपिंडे आहेत त्याच्या वाट्याला हे एकाहून अधिक वेळा येऊ शकते. म्हणून यादीत नाव असलेल्याने मध्यंतरी कोठेही रक्त घेतले असेल, तर ते केंद्राला व आपल्या डॉक्टरांना त्वरित कळवावे. जुन्या सीरमवर विसंबून निष्कर्ष काढला आणि दरम्यान शरीराने नवी ओळख धरली असेल, तर परिणाम शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिसतो.

आता प्रत्यारोपण झालेल्यांविषयी. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत असे बंधू-भगिनी आहेत. आज या सभागृहातही असतील. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी बहुतेक सारे नियमाने वागतात. तीन-चार वर्षे गेली, क्रिएटिनिन चांगले आले, की औषधे ढिली पडतात. मात्र जी प्रतिपिंडे पूर्वी नव्हती ती या ढिलाईत नव्याने तयार होऊ लागतात. हा दीर्घकालीन अव्हेर. तो दुखत नाही, खुपत नाही. लघवी होत असते, माणूस दुकानावर बसत असतो आणि आतल्या आत मूत्रपिंडाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या जाड होत जातात. क्रिएटिनिन वाढलेले दिसते तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

या बाबतीत आपल्या समाजापुरता एक प्रश्न मला स्पष्टपणे मांडावयाचा आहे. टॅक्रोलिमस हे प्रमुख औषध दिवसातून दोन वेळा, बारा तासांच्या अंतराने घ्यावयाचे असते. बहुतेक ठिकाणी सकाळी नऊ आणि रात्री नऊ अशी वेळ लिहून देतात. चौविहार पाळणारा श्रावक रात्री नऊ वाजता पाण्याचा घोटही घेणार नाही. मग तो काय करतो? डॉक्टरांना सांगत नाही, आणि रात्रीची मात्रा सोडून देतो. अथवा दुपारी चार वाजता घेऊन टाकतो. दोन्ही धोक्याचे. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांची नवकारसी पाळूनही बारा तासांचे अंतर त्यात कसेबसे बसते. डिसेंबरात दिवस अकरा तासांचाच. नवकारसी वजा जाता सव्वादहा तासांहून कमी उरतात. यावर मार्ग नाही असे नाही. दिवसातून एकदाच घ्यावयाचे टॅक्रोलिमसही मिळते. वेळा बदलून रक्तातील पातळी तपासता येते. परंतु हे ठरविण्याचा अधिकार आपल्या मूत्रपिंडतज्ज्ञाचा आहे, आणि त्याला चौविहार म्हणजे काय हे आपण सांगितल्यावाचून कळणार नाही. पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात आणि त्यांत आजारपणाचाही विचार आहे, हे आपण माझ्याहून अधिक जाणता. त्याचा निर्णय साधू-साध्वीजींना विचारून करावा. मी त्यात बोलणार नाही. पर्युषणात अथवा दशलक्षणात निर्जल उपवास करण्याचा विचार असेल तर आधी तज्ज्ञाला विचारावे, एवढे मात्र आग्रहाने सांगतो. पाणी कमी पडले की एकुलत्या मूत्रपिंडावर ताण येतो आणि औषधाची पातळीही बिघडू शकते.

वेळ होत आला आहे. काही चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांना थोडक्यात उत्तरे देतो.

एका बंधूंनी विचारले आहे, गुळवेलीचा किंवा अन्य काढा घेऊन प्रतिकारशक्ती वाढवावी काय? २०२० च्या साथीपासून हा प्रश्न फार येतो. प्रत्यारोपण झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती आम्ही मुद्दाम आवरून धरलेली असते. ती वाढविणारे काही घेणे म्हणजे गाय एका हाताने बांधून दुसऱ्या हाताने सोडण्यासारखे. घेऊ नये. पपनसही टाळावे, त्याने टॅक्रोलिमसची पातळी वाढते. क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनने उलट ती फार घटते. म्हणून क्षयाचे निदान झाल्यास मूत्रपिंडतज्ज्ञाला न विचारता गोळ्या सुरू करू नयेत.

दुसरी चिठ्ठी: नेत्रदानात असा अव्हेर होतो काय? बुबुळाच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे प्रतिकारशक्तीचे लक्ष तिकडे कमी जाते. सामान्यतः निशाणी जुळविण्याची गरज पडत नाही. अव्हेर होतच नाही असे नाही. डोळा लाल झाला, दुखू लागला, अंधुक दिसू लागले तर त्वरित दाखवावे.

तिसरी चिठ्ठी एका भगिनीची आहे, नाव नाही. औषधाच्या कॅपसूलचे आवरण कशाचे असते, असे त्यांनी विचारले आहे. बहुधा जिलेटिनचे, आणि जिलेटिन प्राणिजन्य असते. हे लपवून उपयोग नाही. परंतु आवरण फोडून आतील भुकटी अंदाजाने घेणे किंवा औषधच बंद करणे हे आपल्या मनाने करू नये. या औषधाची मात्रा अर्ध्या मिलिग्रॅमनेही बदलते. दुसऱ्या स्वरूपात ते मिळेल काय, हे तज्ज्ञांना विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत आहे तेच वेळेवर घ्यावे.

शेवटची चिठ्ठी: माझी दोन बाळंतपणे आणि एक गर्भपात झाला आहे, मला मूत्रपिंडाचा आजार नाही, मी आताच प्रतिपिंडे तपासून घेऊ काय? काही गरज नाही. मात्र हा तपशील, आणि कधी रक्त घेतले असेल तर त्याचे वर्ष, आपल्या आरोग्याच्या वहीत लिहून ठेवावे. गर्भपाताची गोष्ट सासरच्यांसमोर बोलता येत नसेल तर डॉक्टरांना एकांतात सांगावी. विचारल्यावर आम्ही इतरांना बाहेर बसवितो.